गुरुजी कोणती भाषा विसरून आले?

धुळे-जळगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या गुरुजींना आजवर झालेली प्रशिक्षणं विचारली, की ते बोटं मोजायला लागतात. नव्वदच्या दशकातलं स्मार्ट पीटी, मग सर्व शिक्षा अभियानातले वर्ग, २०१० नंतरचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आणि त्याच्या जोडीनं आलेला ज्ञानरचनावाद, २०१९ची निष्ठा, करोनाच्या काळात दीक्षा ॲपवर घरबसल्या उरकलेले कोर्स, २०२१ नंतर निपुण भारत आणि आता नव्या धोरणाची क्षमतावृद्धी. प्रत्येकाचं प्रमाणपत्र फायलीत लावलेलं असतं. पद्धती, तक्ते, साहित्य, नोंदी, ॲप सगळं येऊन गेलं. पण वर्गातल्या पोरांच्या घरी काय बोलतात, शेतात काय पिकतं, कोणता देव बसतो आणि हे माहीत असलं तरी त्याचं वर्गात करायचं काय, या प्रश्नाला त्या जाड फायलीत फारसं पान मिळालेलं नाही.

मुलाच्या घराला, भाषेला, संस्कृतीला मान देणारं आणि त्याचं माणूसपण राखणारं शिक्षण, अशा नावानं हा विषय जगभर गेली तीस-चाळीस वर्षं चर्चेत आहे. असं शिकवायला शिक्षक तयार कसा होतो, हा त्यातला सगळ्यांत अवघड भाग. खान्देशातल्या या दोन जिल्ह्यांपुरतं बोलायचं तर माझं मत आधीच सांगून टाकतो. इथली अडचण पोरांच्या बोलीच्या आधी गुरुजींच्या बोलीपाशी सुरू होते.

आधी या मुलखात कोण काय बोलतं ते पाहू. बाहेरच्याला खान्देश म्हणजे अहिराणी एवढंच ठाऊक असतं. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, भडगाव या पट्ट्यात ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण रावेर, यावल, भुसावळकडे सरकलं की लेवा बोली लागते. जामनेरच्या बाजूला तावडी, तापीकाठच्या गुजरांच्या घरात गुजरी. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी आणि भिली. यावल-रावेरकडच्या तडवी भिल्लांची वेगळी तऱ्हा. साक्रीच्या पश्चिमेला पिंपळनेरच्या पुढं आदिवासींची कोकणी आणि मावची. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या तांड्यांवर गोरमाटी. शिवाय धुळे, जळगाव, भुसावळ, रावेरच्या उर्दू शाळा. २०११च्या जनगणनेत धुळे जिल्ह्यातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या जवळजवळ ३२ टक्के होती, जळगावात सुमारे १४ टक्के. एकाच केंद्रातल्या दहा शाळांत चार-पाच घरभाषा निघाव्यात, यात इथं कुणाला नवल वाटत नाही.

अहिराणीचं स्थान तर कागदोपत्रीही गमतीचं आहे. ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीला मराठीच्या खंडात घातलं नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांच्या शेजारी बसवलं. जनगणनाही खान्देशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजते. २००१ साली तिचे बोलणारे २० लाख ७५ हजार निघाले आणि २०११ साली १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसं वाढली आणि भाषा सांगणारी घटली. सगळ्यांनी बोलणं सोडलं असं मला वाटत नाही. गणनेला दारात आलेली व्यक्ती बहुतेकदा शाळेतले गुरुजीच असतात, आणि गुरुजींसमोर 'मातृभाषा मराठी' सांगायची सवय लोकांना शाळेपासूनच लागलेली आहे.

शाळेतला अनुभव असा. खान्देशात 'ळ'चा 'य' होतो. धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. पहिली-दुसरीतलं पोरगं जसं ऐकतं तसं लिहितं, आणि वहीवर लाल रेघ येते. त्याच वर्गाच्या भिंतीवर बहिणाबाई चौधरींचं चित्र असतं. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवल्या. त्या १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तकरूपानं आल्या आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवल्या गेल्या. इथल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. कविता म्हणून 'मले', 'तुले' चालतं, तालात म्हणवून घेतलं जातं. उत्तरपत्रिकेत मात्र ती चूक ठरते. हा दुटप्पीपणा कुणी ठरवून केलेला नाही. बोलीचा गौरव कधी करायचा आणि दुरुस्ती कधी करायची, याचा विचार शिक्षकाला कुठंच शिकवलेला नाही, म्हणून तो झाला आहे.

गुरुजी तरी कुठून आले? धुळे-जळगावच्या शाळांतले निदान निम्मे शिक्षक याच मातीतले असावेत, असा माझा अंदाज आहे. घरी आईशी अहिराणीत, फोनवर मित्राशी अहिराणीत, आणि वर्गात पाऊल टाकलं की पुस्तकी मराठीत. डीएडला सराव पाठ घेताना निरीक्षकानं वहीत 'उच्चार अशुद्ध' असा शेरा मारलेला असतो. मुलाखतीत, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, पुण्याला गेल्यावर रूमवर, सगळीकडं बोलीवरून हसू ऐकलेलं असतं. नोकरी लागली ती बोली झाकून. मग वर्गात एखादी पोर 'मन्ही माय धुयाले गयी' म्हणाली की गुरुजींना तिच्या वाक्यात स्वतःची जुनी भीती ऐकू येते, आणि ते घाईनं दुरुस्ती करतात. यात वाईट हेतू मुळीच नाही. आपल्याला जे सोसावं लागलं ते हिला लागू नये हीच माया आहे. बोली मग वर्गात उरते ती दोनच कामांना. रागावायला आणि विनोद करायला.

गेल्या काही वर्षांत बाहेरचं वातावरण बदललं आहे, हेही नोंदवायला हवं. 'हाई झुमका वाली पोर'सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितली जातात आणि पुण्या-मुंबईच्या वरातीतही वाजतात. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी १९९७ साली अहिराणीचा भाषावैज्ञानिक अभ्यास आणि अहिराणी-मराठी शब्दकोश सिद्ध केला, म्हणजे अभ्यासाची सामग्रीही हाताशी आहे. भालचंद्र नेमाडे याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. देशीपणाचा त्यांचा आग्रह मराठीत चार दशकं गाजतो आहे. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही साहित्य संमेलनं भरली, तिथंही बोलींवर बोललं गेलं. पण शब्दकोश विद्यापीठात राहिला, देशीवाद चर्चासत्रात राहिला आणि गाणं वरातीत राहिलं. यातलं काही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे डाएटच्या, वर्गखोलीत नेमानं पोचलेलं दिसत नाही.

हा विचार आपल्याकडं परदेशातून आला असं मानायचं कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी शिक्षक कोण असावा यावर नेमकं बोट ठेवलं होतं. खेड्यातले शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्यांना गरज पडली तर नांगर धरता यावा, लोकांत मिसळता यावं, आणि मुलांना शेतीचं व्यवहारी ज्ञानही मिळावं, हा त्या मागणीचा आशय. शिक्षक समाजातून यावा ही गोष्ट पुढं आरक्षणामुळं आणि शिक्षणप्रसारामुळं बऱ्याच अंशी घडली. पण शिक्षक समाजातून आला आणि प्रशिक्षणानं त्याला समाजापासून लांब नेलं, तर काय, हा प्रश्न फुल्यांच्या काळात उभा राहिला नव्हता. तो आपला आहे.

इथला दुसरा वारसा साने गुरुजींचा. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहात उतरण्यासाठी नोकरी सोडली. सहा वर्षंच. पण त्यातलं शाळेतलं शिकवणं कमी आणि वसतिगृहातलं जास्त लोकांच्या लक्षात राहिलं. मुलांबरोबर राहणं, त्यांची अंथरुणं घालणं, 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढणं. गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे, अहिराणी मुलखात परके. तरी ते इथले झाले. आज पवित्र पोर्टलवरून बीड, लातूर, नांदेडकडचा उमेदवार चोपडा किंवा शिरपूरच्या डोंगरातल्या शाळेवर रुजू होतो आणि 'आपल्याला इथली भाषा येत नाही' म्हणून खचतो, तेव्हा मला हे उदाहरण उपयोगी वाटतं. फक्त ते भाषणात वापरून संपवू नये. साने गुरुजींच्या जयंतीला हार घालणाऱ्या खात्यानं नव्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात मुलांच्या वस्तीवर हिंडायला वेळ दिला, तर त्या हाराला अर्थ येईल.

आता यंत्रणेकडं वळू. १९८६च्या राष्ट्रीय धोरणानंतर डाएट आल्या, नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, आणि त्यात तेव्हाचा मोठा धुळे जिल्हा होता; नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ला. केंद्रप्रमुख, गट साधन केंद्र, समूह साधन केंद्र, साधन व्यक्ती हा सगळा सांगाडा त्या दशकात आणि २००१ नंतरच्या सर्व शिक्षा अभियानात उभा राहिला. सांगाडा वाईट नाही. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र बसतात, अशी सोय पुष्कळ राज्यांना हेवा वाटावा अशी आहे.

गडबड आहे ती उतरंडीत. पुण्यात राज्यस्तरावर मोड्यूल तयार होतं, जिल्ह्याचे चार-पाच जण तिथं जाऊन येतात, ते तालुक्याच्या सुलभकांना सांगतात, सुलभक शिक्षकांना. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते त्याहून मोठा दोष असा की प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. पिंपळनेरजवळच्या शाळेत कोकणी पोरांना वाचायला शिकवताना बाईंना काय सापडलं, ते वर चढत पुण्याला पोचण्याची वाटच नाही. वर चढते ती माहिती: किती आले, किती वेळ बसले, फोटो टाकला का, लिंक भरली का. २०१५च्या सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांची ज्ञानरचनावादी वर्गांसाठी कीर्ती झाली आणि राज्यभरचे शिक्षक बस करून तिथं गेले, तेव्हा शिक्षक शिक्षकाकडून शिकतो हे उघड दिसलं. मात्र परतल्यावर बहुतेकांनी आणले ते फरशीवर रंगवलेले तक्ते. तिथल्या बाईंनी आपल्या पोरांकडं बघत बघत ती रीत कशी बसवली, ते रंगाच्या डब्यातून येण्यासारखं नव्हतं.

कायद्यात आणि धोरणात बोलीला जागा आहे. राज्यघटनेचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करायला सांगतं. २००९चा शिक्षणहक्क कायदा शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं म्हणतो, आणि मुलाला भीती, ताणातून मुक्त ठेवण्याची गोष्टही त्याच कलमात आहे. २०२०चं धोरण घरभाषेचा आग्रह धरतं आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास ठरवून देतं. पन्नास तास थोडे नव्हेत. त्यातले दहा तास जरी आपल्या तालुक्याच्या भाषांना आणि लोकजीवनाला राखून ठेवले, तरी तीन वर्षांत चित्र पालटेल. पण 'शक्य तितकं' हा शब्दप्रयोग सरकारी कागदात आला की त्याचा अर्थ 'जमलं तर' असा होतो.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या सरकारी निर्णयावरून वाद पेटला. १६ एप्रिलला निर्णय, १७ जूनला सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही मागे. त्या अडीच महिन्यांत मराठीच्या बाजूनं खूप लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण ज्या मुलाला मराठीच दुसरी भाषा आहे, त्या शिरपूरच्या पावरा मुलाचं नाव त्या वादात जवळपास कुणी घेतलं नाही.

आता जे सगळ्यांत अडतं त्याकडं येतो. निपुण भारत अभियानानं तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य ठेवलं आहे. समजा अमळनेर तालुक्यातली एक पोर 'डोळा' या अक्षरांकडं पाहून 'डोया' म्हणाली. तिला अक्षर कळलं, शब्द कळला, अर्थ कळला. उच्चार तिच्या घरचा आला. ही वाचनातली चूक धरायची की नाही? भाषाविज्ञानाच्या दृष्टीनं उत्तर स्वच्छ आहे: नाही. शब्द ओळखता न येणं वेगळं आणि ओळखलेला शब्द आपल्या ध्वनीनं उच्चारणं वेगळं. पण घड्याळ लावून बसलेल्या गुरुजींना हा फरक कुणी शिकवला नसेल तर ते फुली मारणार, पोर अडखळणार, दुरुस्तीच्या भीतीनं हळू वाचणार आणि अप्रगत यादीत जाणार. मग तिच्यासाठी उपचारात्मक वर्ग.

हाच प्रश्न सत्तरच्या दशकात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात न्यायालयात गेला होता. कृष्णवर्णी गरीब मुलांच्या पालकांनी शाळा जिल्ह्यावर दावा लावला: आमच्या मुलांच्या घरच्या इंग्रजीकडं शिक्षक दुर्लक्ष करतात आणि म्हणून ती वाचायला शिकत नाहीत. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. मला त्यातला उपाय महत्त्वाचा वाटतो. त्यांनी पुस्तकं बदला किंवा मुलांना वेगळ्या वर्गात बसवा असं सांगितलं नाही. घरची भाषा ओळखून तिचा वाचन शिकवताना उपयोग करायला शिक्षकांना प्रशिक्षण द्या, असा आदेश दिला. म्हणजे न्यायालयानं दोष मुलाच्या तोंडात न पाहता शिक्षकाच्या तयारीत पाहिला. आपल्याकडं असा खटला होईल असं वाटत नाही आणि व्हावा अशी इच्छाही नाही. पण वाचन तपासणाऱ्या शिक्षकाला 'ळ-य', 'ला-ले' अशा दहा-बारा नियमित फरकांची एक पानभर यादी देणं हे डाएटच्या आवाक्यातलं काम आहे. अहिराणीची, लेव्याची, पावरीची अशी तीन-चार पानं झाली की जिल्ह्याचा मोठा भाग त्यात येतो.

मोठे प्रयोग बघायचे तर फार लांब जावं लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातच, नर्मदाकाठच्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांत नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. चिमलखेडी, निमगव्हाण ही त्यांतली पहिली गावं. तिथं सरकारी शाळा कागदावर होत्या, शिक्षक झेंडावंदनाला येत. जीवनशाळेनं गावातलाच थोडंफार शिकलेला पोरगा शिक्षक म्हणून उभा केला. पावरी आणि भिलीत गोष्टी, गाणी, सुरुवातीची वाचनपुस्तकं केली, मग मराठी. 'लढाई-पढाई साथ साथ' ही त्यांची घोषणा सर्वांना माहीत आहे. त्या शिक्षकांना वेळोवेळी एकत्र बसवून जे शिकवलं गेलं, त्याची चर्चा मात्र कमी होते. डीएड नसलेल्या तरुणांना गणित, मराठी शिकवावं लागे आणि त्याच बैठकीत आपल्या आजोबांकडून जंगलाची, देवांची, गावाची माहिती गोळा करून आणावी लागे. शिक्षकाचं शिकणं आणि समाजाचं ज्ञान टिपून ठेवणं हे एकच काम झालं. त्या शाळांपुढं पैशाचे, मान्यतेचे प्रश्न कायम राहिले. पुढच्या इयत्तांत मुलं सरकारी शाळेत, आश्रमशाळेत गेली तेव्हा मराठीशी त्यांची गाठ पुन्हा नव्यानं पडली. आंदोलनाशी नातं असल्यामुळं खात्यानं तिकडं शिकायला कधी कुणाला धाडलं नसावं, हे समजण्यासारखं आहे, पण तोटा खात्याचाच झाला.

महाराष्ट्रात इतरत्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला घातलेला पाया, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांचं काम, वाडा तालुक्यात नीलेश निमकर आणि क्वेस्ट संस्थेचं काम, हे सगळं या वाटेवरचं. ओडिशानं २००६च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत सरकारी पातळीवर बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, तो देशातला मोठा दाखला. खान्देशातल्या सरकारी शाळांसाठी मात्र सरळ उचलून आणावा असा यातला एकही नमुना नाही. इथं एका वर्गात दोन-तीन बोली असतात, म्हणून एका भाषेतलं पाठ्यपुस्तक हे पूर्ण उत्तर ठरत नाही. गुरुजींची नजर बदलणं हे जास्त टिकाऊ उत्तर आहे.

ती कशी बदलते यावर जगातलं मला पटलेलं काम लुइस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला, मेक्सिकन वस्तीतल्या मुलांच्या शिक्षकांना त्यांनी घरोघर पाठवलं, पण पालकांना सूचना द्यायला नाही, शिकायला. या घरात कोणकोणतं ज्ञान आहे ते विचारून नोंदवा, मग सगळे बसून त्यावरून पाठ तयार करा. १९९२ साली त्यांनी यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५मध्ये मांडलेली संस्कृतीशी जुळणारं शिकवणं ही कल्पना आणि त्याआधीचा पाउलो फ्रेरे यांचा माणूसपणाचा विचार, ही त्याची वैचारिक बाजू. फ्रेरे मराठीत बरेच वाचले गेले. मोल यांची साधी रीत कमी पोचली.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ती करून पाहता येईल. केळीच्या मजुराच्या घरात काय ज्ञान आहे? घडाला किती फण्या, किती घडांचं किती वजन भरेल, कटाईचा दिवस कसा ठरतो, भाव कुठून कळतो, वादळ झालं तर पंचनाम्यात काय लिहून घ्यायचं. चाळीसगावकडं कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते आणि वजनकाट्यावर नजर ठेवते. तिच्या पोरीला दशांश चिन्ह शिकवण्याआधी त्या काट्यापासून सुरुवात का करू नये? सालदाराच्या उचलीचा हिशोब हा तर व्याजाचा धडाच आहे, आणि थोडा कडवटही. सातपुड्यात मोहाचा हंगाम, तो मोजायची मापं, व्यापाऱ्यानं दिलेला भाव. हे पाठ पुण्यात तयार होऊच शकत नाहीत. ते केंद्रातल्या दहा शिक्षकांनी मिळून करायचे असतात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात १९२७पासून उभं आहे. गोळा करण्याची परंपरा या गावाला नवी नाही.

इथं एक धोका आहे. संस्कृती म्हटली की आपल्या शाळांना स्नेहसंमेलन आठवतं. पावरा नृत्य बसवायचं, मुलांना कमरेला घुंगरू बांधायचे, साहेब आले की नाचवायचं, फोटो. भोंगऱ्या, इंदल, डोंगऱ्यादेव, कानबाई, आखाजी, गुलाबाई ही सणा-उत्सवांची नावं भित्तिपत्रकावर लिहायची. दुसऱ्या दिवशी तीच मुलं वर्गात गप्प. आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आदिवासींच्या दुःखावर दुसऱ्यांनीच बोलण्याबद्दल आहे. शाळेच्या रंगमंचालाही ती लागू पडते. मुलानं नाचावं, पण त्याच्या भाषेत प्रश्न विचारला तर त्याला उत्तरही मिळावं. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला आठवडाभर मुलं गैरहजर राहतात. ती 'अनियमित' म्हणून नोंदवायची की त्या बाजाराचा हिशोब परतल्यावर वर्गात घ्यायचा, इथं प्रशिक्षणाची खरी कसोटी लागते. जातीबद्दलचं मौन हाही याच प्रश्नाचा भाग. भिल्ल किंवा पारधी पोरांना कुठं बसवलं जातं, कोणत्या नावानं हाक मारली जाते, खिचडी वाढताना काय होतं, याबद्दल शिक्षकांना आपसांत मोकळेपणानं बोलायला जागा मिळत नाही. ही गोष्ट पीपीटीनं होणारी नाही; विश्वासातल्या दहा माणसांत आणि साहेब नसताना होते.

पालकांचं म्हणणं डावलून चालणार नाही. 'पोऱ्याले अहिराणी त येसच, तुम्ही इंग्रजी शिकाडा,' हे वाक्य इथं कुठल्याही पालकसभेत ऐकू येतं, आणि ते चूक नाही. शिरपूरपासून जळगावपर्यंत इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या खेड्याखेड्यांत शिरतात. बोलीचा आग्रह धरणाऱ्यांची पोरं इंग्रजी शाळेत असतात हेही लोक बघतात. म्हणून बोलीचा मुद्दा मांडताना तो मराठी आणि इंग्रजी लवकर, न घाबरता येण्यासाठीचा आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं.

शिक्षकांच्या बाजूनंही पाहायला हवं. अवघड क्षेत्रातली तीन वर्षं संपली की ऑनलाइन बदलीचा अर्ज. पावरी समजायला लागते तोवर गाव सुटतं. अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच शिक्षक भरण्यासाठी २०१४ साली राज्यपालांची अधिसूचना निघाली. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्रीच्या डोंगराळ भागाला तिचा फायदा व्हायला हवा होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशातलं अशा क्षेत्रातलं शंभर टक्के आरक्षण रद्द ठरवलं आणि आपल्याकडची अशा क्षेत्रातली, म्हणजे पेसा कायद्याखालची, भरतीही वादात अडकली. त्यात मतदारयादीची कामं, सर्वेक्षणं, रोजच्या लिंका. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानं निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं, तेव्हापासून पन्नाशीकडं झुकलेले गुरुजी पुन्हा मार्गदर्शक पुस्तकं घेऊन बसले आहेत. त्या परीक्षेत बालमानसशास्त्र आहे, परिसर आहे, दोन भाषा आहेत. ज्या गावात नोकरी करायची तिथली भाषा समजते का, हे विचारणारा प्रश्न एकही नाही.

एवढ्या अडचणींत कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी अंगणवाडीचं दार दाखवेन. सेविका आणि मदतनीस त्याच गावच्या असतात. पाड्यावरच्या पोराला शाळेची पहिली ओळख सेविकाच करून देते, तेही त्याच्या भाषेत. पहिलीच्या वर्गात रुजू झालेला नवा शिक्षक तिच्याकडून दोन महिन्यांत जे शिकेल ते कोणत्याही मोड्यूलमध्ये नाही: कोणतं मूल कुणाच्या घरी राहतं, कोण ऊसतोडीला जाणार, पाण्याला काय म्हणतात, लघवीला जायचं असेल तर काय म्हणतात. आज शिक्षण परिषदेत तिला बोलावलंच तर पूर्वप्राथमिकची माहिती द्यायला बोलावतात. तिला मार्गदर्शक म्हणून बोलवावं, समोर बसलेल्या पदवीधर शिक्षकांनी वही काढावी, आणि हजेरीपत्रकावर 'तज्ज्ञ मार्गदर्शक' या रकान्यात तिची सही घ्यावी. मानधन जिल्ह्याहून येणाऱ्या तज्ज्ञाला देतात तेवढंच, आणि जाण्या-येण्याचं भाडं वेगळं.